पूर्वेच्या भिंतीवरची खुंटी

रामहरीनं पिल्लू तळहातावर घेतलं आणि कानाशी नेलं. मान ताणून ते चोच उघडत होतं, मिटत होतं, पुन्हा उघडत होतं. आवाज मात्र काहीच नव्हता. इवलीशी छाती तेवढी खालीवर होत होती. ती थांबली तेव्हा त्यानं पिल्लू घमेल्यात ठेवलं. टाकलं नाही, ठेवलं. घमेल्यात आधीचीही होती.

"पुन्ना तेच?" विमलबाई दारातून म्हणाली.

त्यानं मान हलवली.

"बेलापुरातनं रेश्माचा फोन आल्ता. तिनं नेलेली समदी गेली. रडत हुती. म्हनली, मामी, माझं काय चुकलं?"

"मग तू काय म्हनलीस?"

"काय म्हनू? म्हनलं, तुझं काय न्हाई चुकलं, बाई."

घराच्या मागच्या शेडमधली ही हॅचरी. आसपासच्या गावांतल्या बाया गावरान पिल्लं इथूनच नेत. रामहरीच्या हातची पिल्लं म्हणजे निरोगी, असं त्या एकमेकींना सांगत. आता त्या तसं म्हणत नव्हत्या. पुढची अंडीही वाया गेली तर शेडला कुलूप, हे नवरा-बायको दोघांनाही ठाऊक होतं.

मेलेलं पिल्लू फाडून जनावरांच्या डॉक्टर रश्मींनी त्याच्या फुप्फुसातले पिवळट दाणे दाखवले होते. बुरशी. पिल्लाला झाली की औषध नाही, ती खोलीतूनच घालवायची. रामहरीनं ते वेदवाक्य मानलं. ट्रे, पंख्याची पाती, फरशीच्या सांदी, सगळं जंतुनाशकानं घासलं. अंडी उबवायचं मशीन रिकामं करून, खिडक्या चिकटपट्टीनं बंद करून जंतू मारणाऱ्या धुरीसाठी परमँगनेटवर फॉर्मॅलिन ओतलं आणि नाकाला फडकं दाबून बाहेर पळाला. डोळ्यांना धार लागली. खोलीला हवा दिली, देवाचं नाव घेतलं, नवी अंडी आत ठेवली. पिल्लं निघाली आणि पुन्हा चोची उघडू लागली. मग पुन्हा धुरी. पुन्हा चोची.

दुपारी डॉक्टर आल्या. मागच्या धुरीनंतर अंडी आत गेली त्या दिवशी त्यांनी खोलीत ठिकठिकाणी हवेतली बुरशी धरणाऱ्या जेलीच्या ताटल्या उघड्या ठेवल्या होत्या आणि झाकून परत नेल्या होत्या. त्यांनी त्या टेबलावर मांडल्या.

"या बघा, जवळजवळ कोऱ्या. तुमच्या घासण्यात कसर नाही, रामहरीभाऊ." मग त्यांनी एक वेगळी पुढं सरकवली. तिच्यावर करड्या-हिरव्या लवीचा थर होता. "ही पूर्वेच्या भिंतीखालची. तिथं वर काय असतं?"

तिघंही भिंतीकडं बघू लागले. एक लाकडी खुंटी होती. रिकामी.

विमलबाईनं रामहरीकडं एकदा पाहिलं.

"मृदंग असतो यांचा."

"मृदंग? इथं?"

"दमट हवेत चामडं उतरतं, मॅडम," रामहरी हळूच म्हणाला. "हितं ऊब हाय. सूर धरून ऱ्हातो. वडलांचा मृदंग हाय त्यो."

"आन् अंडी आत ठेवायच्या आधी हे वाजवत्यात," विमलबाई म्हणाली. "इठ्ठलाचं नाव घेत्यात. पिल्लं धड निघावी म्हनून."

"आणि धुरी देताना?"

"भाईर काढतो," रामहरी म्हणाला. "त्या वाफेनं चामडं खराब हुतं."

"दाखवा बरं तो," डॉक्टर म्हणाल्या.

आज पुन्हा धुरी द्यायची म्हणून मृदंग सकाळीच ओसरीवर आला होता. रामहरी मांडी घालून बसला आणि त्यानं खोळ सोडली. डाव्या अंगाला कणीक लावल्याशिवाय मृदंगाला घुमारा येत नाही. गावोगावचे सप्ताह चालू होते; कीर्तन संपलं की तो कणीक घाईघाईनं खरवडायचा आणि ओलसर चामड्यावर खोळ चढवायचा. उरलेलं हॅचरीच्या उबेनं केलं होतं. चामड्याच्या पिळात, कडेनं आतपर्यंत, मखमल उगवावी तशी करडी-हिरवी लव होती.

सवयीनं त्याचा हात वर गेला.

"वाजवू नका!" डॉक्टर ओरडल्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "उडेल ती बुरशी."

हात तसाच अधांतरी राहिला. रामहरीनं तो आपल्याकडं वळवला आणि तळव्याकडं बराच वेळ बघत बसला.

"लाकडी खोड धुऊन घेता येईल," डॉक्टर म्हणाल्या. "चामडी मात्र..."

"व्हय."

"सांजच्याला काल्याचं कीर्तन हाय," विमलबाई म्हणाली. "महाराज वाट बघत्याल."

"राधाकृष्ण महाराजांना फोन कर. म्हनावं, दुसरा वादक बघा."

"काय झालं इचारलं तर?"

"सुतक हाय म्हन."

वडलांनी आवळलेल्या मृदंगाच्या वाद्या त्यानं विळ्यानं कापल्या. मेलेल्या पिल्लांसाठी खणलेल्या खड्ड्यात चामड्याचे दोन्ही पुडे ठेवले, त्यांच्यावर घमेलं रितं केलं आणि काडी ओढली. जळत्या चामड्याचा वास शेडभर पसरला. विमलबाईनं पदर नाकाला लावला, पण ती तिथून हलली नाही.

खोली पुन्हा घासली, तिला पुन्हा धुरी दिली, पुन्हा उघडी टाकली. खुंटी उपटून तिथलं भोक सिमेंटनं बुजवलं. मग अंडी आत न्यायचा दिवस आला. दोघांनी हात जंतुनाशकात बुडवले, ट्रे उचलले आणि रामहरी मशीनसमोर येऊन थांबला. सवयीनंच तो पूर्वेकडं वळला. भिंतीवर सिमेंटचा नवा ठिपका होता.

"नाव घ्या की," विमलबाई म्हणाली.

त्यानं मान वर केली. तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. छाती खालीवर होत होती. आवाज आला नाही.

विमलबाई त्याच्या तोंडाकडं बघत राहिली. मग तिनं हातातला ट्रे खाली ठेवला आणि ओल्या हातांनी हळूहळू टाळी धरली. तो सुरू करील म्हणून ती टाळी देत राहिली.