झाकणाखाली न पेटलेला व्हॉल्व्ह

आमच्या ह्यांना व्हॉल्व्हबद्दल एक शब्द विचारा, की बसा. चहा गार होतो, पाहुणा घड्याळ बघतो, ह्यांचं संपत नाही. सगळं जग नखाएवढ्या चिपवर आलं, तरी हे जुन्या रेडिओत असायच्या तसल्या काचेच्या व्हॉल्व्हचे हजार व्होल्टचे सप्लाय, म्हणजे वीज पुरवणारे डबे, बांधतात, आणि त्यांचे ट्रान्सफॉर्मर गुंडाळते मी. काम करताना ह्यांचा डावा हात खिशात. एकाच हाताने काम केलं, तर वीज छातीतून जात नाही म्हणे. घरात भांडी घासायची वेळ आली तरी तो हात खिशातच असतो, ते कोणत्या विजेला भिऊन, देव जाणे.

वेधशाळेच्या बाई आल्या त्या सरळ कामाचंच बोलल्या. एकाच ताऱ्यावर त्यांनी अख्खी नोकरी घालवलेली. तारा मंदावत चाललाय, असं त्यांचं म्हणणं. ह्या हंगामात मोजला, तर सिद्ध होणार होतं. उजेड मोजणारी नळी त्यांच्याकडे एकच उरली होती, आणि तशी बनवणारे कारखाने केव्हाच बंद पडलेत. जुना सप्लाय जळला होता. नव्या पद्धतीच्या सप्लायने मोजणीत खरखर येत होती.

"नळीला जपा," बाई म्हणाल्या. "ती गेली की माझं सगळंच गेलं."

"व्होल्टचा काटा केसभर हलणार नाही, बाई," हे म्हणाले. बोलायला काय जातं.

पण बांधला मात्र जीव ओतून. त्यात एक लहानसा गॅसचा व्हॉल्व्ह असतो. तो पेटला की त्याच्यावरचा व्होल्टेज कायम तेवढाच राहतो, आणि मोठे व्हॉल्व्ह त्याच्याकडे बघून चालतात. टेबलावरच्या दिव्याखाली, डबा उघडा ठेवून ह्यांनी सप्लाय चालवला. घरातली वीज खालीवर व्हावी म्हणून मी मुद्दाम विजेची शेगडी चालू-बंद करून पाहिली. काटा ढिम्म. मग झाकण लावून स्क्रू आवळले. आमच्याकडे झाकण लावलं म्हणजे काम संपलं. झाकण लावून कोण चालवून बघतो? मोजायच्या तारा आत घालाव्या लागतात.

वेधशाळेत आम्ही दोघंही गेलो. बाईंनी स्वतः नळी जोडली, बटण दाबलं. त्यांच्या मीटरचा काटा हजारावर गेला, थांबला नाही, थेट टोकाला जाऊन आपटला.

"बंद करा," हे ओरडले. बाईंनी लगेच बंद केलं, पण तेवढ्यात नळीत निळसर उजेड येऊन गेला होता. बाईंनी त्यांच्या त्या खरखरणाऱ्या सप्लायवर ती लावून पाहिली, पुन्हा पुन्हा पाहिली; नळी गेली होती. मग खुर्चीत बसल्या. आम्हाला एक शब्द लागेल असा बोलल्या नाहीत. त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

डबा घेऊन घरी आलो. ह्यांनी झाकण काढलं, सप्लाय चालवला. उत्तम चालला. माझ्या डोक्यात तिडीक गेली. ह्यांनी मोजायच्या तारा फटीतून बाहेर काढल्या, तसंच झाकण लावून पुन्हा चालवला, आणि काटा टोकाला.

"अगं, जुना झालाय तो गॅसचा व्हॉल्व्ह," हे पुटपुटले. "कोरा असता तर अंधारात पेटला असता. जुन्याला पेटायलाच उजेड लागतो. मी दिव्याखाली बघत बसलो."

म्हणजे झाकणाखाली तो पेटलाच नाही. मास्तर वर्गात आले नाहीत, आणि मोठे व्हॉल्व्ह सुटले मोकाट. जळलं मेलं ते झाकण.

ह्यांनी डब्यात त्या व्हॉल्व्हशेजारी बारीकसा दिवा बसवला. झाकण लावून सप्लाय कितीदा तरी चालवला. काटा हजारावर गप्प उभा. ह्यांचा चेहरा असा फुलला, की मला भीती वाटली. आणि मी नको नको म्हणेपर्यंत ह्यांनी बाईंना फोन लावला.

"सापडलं, बाई." मग दिवा कुठे बसवला, कसा बसवला, सगळं पुराण. मी हातानं खुणावतेय, पुरे करा. पालथ्या घड्यावर पाणी.

"म्हणजे आता नीट चालतोय?" फोनमधून बाईंचा आवाज मलाही ऐकू आला.

"अगदी नीट. कधीही चालू करा."

"आणि त्याला जोडू काय?"

 मीच ह्यांच्या हातातून फोन घेतला.  

"बाई, जेवलात का?" मी विचारलं.

"नाही हो," त्या म्हणाल्या, आणि रडायला लागल्या.