चुलीचा गळा

अंकुशने चुलीच्या तोंडात मूठ घातली आणि ती आत जाईना. काल हीच मूठ आरामात आतबाहेर होत होती.

मांडवात धूर कोंडला होता. देवजीच्या मुलीची हळद, अर्धं नावडे गाव जमलेलं, आणि बायका पदराने डोळे पुसत खोकत होत्या. अंकुश कामाला होता तो तळोज्याचा कारखाना बंद पडून आठ महिने झाले होते. आज त्याने बांधलेली ही चूल नीट पेटली तर गावातून आणखी चार-सहा चुलींचं काम मिळणार होतं. नाही पेटली तर बिऱ्हाड गुंडाळून लातूरला परत जायचं, असं त्याचं आणि बायकोचं, अस्मिताचं, ठरलं होतं.

कमी लाकडात, बिनधुराने पेटणाऱ्या या रॉकेट चुलीचं सगळं कौतुक मापाचं. तोंड सहा इंच, आतला गळा तेवढाच, वर जाणारी नळी त्याच्या तिप्पट उंच. गळा जरा आवळला की जाळ गुदमरतो आणि धूर उलटा तोंडातून बाहेर येतो. काल दुपारी त्याने चूल पेटवून दाखवली तेव्हा धुराची रेघही नव्हती. देवजी खूश झाला. त्याची बायको गोजरा चहा घेऊन आली आणि कप पुढे करता करता तिने सहज विचारलं होतं,

"आडनाव काय तुमचा?"

"सोनकांबळे."

कप परत गेला. चहा आला, पण कागदी ग्लासातून. असलं काही आता उरलं नाही म्हणणाऱ्यांनी तो चहा एकदा पिऊन बघावा.

"माप चुकला ना तुजा?" आज तोच देवजी मांडवात सगळ्यांदेखत ओरडला. "पाव्हन्यांसमोर नाक कापलास माजा!"

अंकुशने मोबाइलच्या उजेडात आत पाहिलं. चारही बाजूंनी इंचभर जाड शेणमाती, अजून ओलसर.

"आतून कुणी सारवली?"

"मीनंच," गोजरा म्हणाली. आवाजात राग नव्हता, संकोचही नव्हता. "देवाचा निवद शिजायचा हाय तिच्यावर. तुमचा हात लागलेला. सारवल्याबिगर कशी चालंल?"

दोघी-तिघींनी माना डोलावल्या. ज्यांच्या दारात त्याला चुली बांधायच्या होत्या, त्याच या बायका. अंकुशचे कान तापले. त्याने छिन्नी उचलली.

"परत हात नको लावू!" गोजराने छिन्नी खाली ठेवायला लावली, मग पदर खोचून ती उचलली. "तू लांबून सांग. मी खरवडते."

तो चार हात मागे सरकला. "अजून आत, ताई. उजवीकडे. पातळ थर राहू द्या, चालंल," असं सांगत उभा राहिला. थोड्या वेळाने जाळ सरळ वर चढला, धूर विरला, बायका हसल्या. निघताना त्याला तीन चुलींचं काम मिळालं.

पुढच्या आठवड्यात, त्या तिघींपैकी गिरजाबाईच्या अंगणात तो विटा रचत होता. अस्मिता वीट देता देता थांबली.

"ओ, माप सहाचं ना? तुमी आठ धरलंय."

"आठच."

"धूर येईल की."

"नाही येणार. एक इंच हिकडून, एक इंच तिकडून, सारवणाला." त्याने ओळंबा सोडला. "इथं आता असंच धरायचं."

 अस्मिताने हातातली वीट पुढे केली.