महादेवाची थरथर

या, असं जवळ सरकून बसा. तिकडं भिंतीला टेकलात तर निम्मी गोष्ट भिंतच ऐकेल. आज वडगावच्या दुर्गाबाईंची गोष्ट सांगायची आहे. देवानं त्या बाईला सगळं भरभरून दिलं, फक्त धीर देताना हात आखडता घेतला. आणि मग नेमका धीराचाच प्रसंग तिच्यापुढं आणून ठेवला.

दुर्गाबाईंचा धाकटा भाऊ महादेव. विणकराचं घर, घरात दोन यंत्रमाग, साड्यांचं काम. महादेवाचा हात असा की तुटलेला दोरा त्यानं सांधला तर साडीवर जागा सापडायची नाही. पण त्याच हाताला सकाळी उठल्या उठल्या दारू लागायची. दारूचं प्लास्टिकचं पाकीट फोडून पोटात रिचवल्याशिवाय बोटांची थरथर थांबत नसे. मग दुपारी, मग संध्याकाळी. अशी कैक वर्षं. बायको कंटाळून निपाणीला माहेरी जाऊन बसली. दुर्गाबाई विधवा, भावाच्याच आधारानं राहणाऱ्या. खरं म्हणजे भाऊच त्यांच्या आधारानं राहायचा. त्यांनी उपास केले, नवस बोलले, पाकिटं गटारात ओतली, एकदोनदा लाटणंही उगारलं. महादेव हसायचा आणि म्हणायचा, "आक्का, उद्यापास्नं."

मग गल्लीत सप्ताह बसला. कीर्तनाला रघुवीरबुवा. बुवा उभे राहिले आणि चिपळ्या वाजल्या की रडकं पोरही गप्प होतं, असा त्यांचा लौकिक. भर कीर्तनात त्यांनी विचारलं, आज माळ घालून व्यसन टाकणारा कोण आहे? दुर्गाबाईंनी महादेवाला कोपरानं असं ढोसलं की तो बसल्या जागचा उभाच राहिला. आता उभा राहिलेला माणूस खाली कसा बसणार? बुवांनी स्वतःच्या हातानं त्याच्या गळ्यात तुळशीची माळ घातली. महादेव म्हणाला, "आजपास्नं थेंब न्हाय." आणि या वेळी त्यानं शब्द पाळला. मुळीच कमी-जास्त नाही, ठार बंद.

या गल्लीत एक रीत आहे. गळ्यात माळ पडली की त्या माणसाचं मागचं कुणी काढायचं नाही. काढणाऱ्यालाच दोष. दुर्गाबाईंनी त्या घटकेपासून दारू हा शब्दच तोंडातून टाकला.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी महादेव पहिल्या रांगेत बसला होता. बुवा भक्ताच्या अष्टसात्त्विक भावांचं निरूपण करत होते. अंगाला घाम फुटतो, रोमांच उठतात, कंप सुटतो, डोळे वाहतात, कंठ दाटतो. सांगता सांगता त्यांची नजर समोर गेली. महादेव घामानं निथळत होता. अंगावर काटा, डोळ्यांना धार, ओठ लटलट हलतायत, आणि गजरात सूर मिसळायला जावा तर आवाज चिरकतोय. बुवांचे हात चिपळ्यांसकट थांबले. "मी पोथीतलं सांगत होतो हो," ते म्हणाले, "आणि हे बघा, देवानं समोरच आणून बसवलंय."

मंडप गहिवरला. माणसं महादेवाच्या पायावर डोकं ठेवू लागली. भजनी मंडळाचे मुख्य परशरामअण्णा, ज्यांनी आजवर महादेवाला ओट्यावर बसू दिलं नव्हतं, त्यांनी स्वतःच्या गळ्यातला हार त्याला घातला. दुर्गाबाईंना कौतुकानं झोप आली नाही. महादेवालाही आली नाही. तो भिंतीवरच्या मुंग्या झाडत बसला होता. भिंतीवर मुंग्या नव्हत्या. दुर्गाबाई म्हणाल्या, संताला किड्यामुंगीतही देव दिसतो.

तिसऱ्या दिवशी काल्याच्या कीर्तनात, हंडीखालीच महादेव आडवा पडला. हातपाय ताठ, डोळे पांढरे, तोंडाला फेस. रिक्षात घालून बेळगावातल्या दवाखान्यात नेला, तो थेट आयसीयूत.

तिथल्या डॉक्टर भैरवी. वय कोवळं, बोलणं भराभर. त्यांनी पहिल्या झटक्यात विचारलं, दारू घेतात का? दुर्गाबाईंनी मानेकडं बोट केलं. "माळकरी हाय तो." खोटं नव्हतं. परवापासून नव्हतं.

मग डॉक्टर बिचाऱ्या मेंदूत ताप गेलाय का बघायला लागल्या. डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ. रक्त तपासलं, तर यकृताचा रिपोर्ट काही वेगळंच बोलू लागला. त्यांनी बाहेर येऊन पुन्हा विचारलं. पण बाहेर दुर्गाबाई एकट्या कुठं होत्या? सगळं मंडळ टाळ घेऊन आलेलं. रखवालदार एकदा कन्नडमध्ये ओरडे, एकदा मराठीत, दोन्हींचा परिणाम सारखाच. कुणी नारळ आणलेला, कुणी लेकराला पाया पडायला आणलेलं. परशरामअण्णांचं म्हणणं, हे सुया टोचून भाव उतरवतायत, त्यापेक्षा त्याला मठात नेऊ. या माणसांना हाकलावं तर पाप, न हाकलावं तर डॉक्टरबाई वैतागणार. दुर्गाबाईंच्या डोक्याची शीर उडत होती. एवढ्या सगळ्यांच्या तोंडावर त्या पुन्हा म्हणाल्या, न्हाय, पीत न्हाय.

दुपारी त्यांना एकटीला आत सोडलं. महादेवाची मनगटं मऊ पट्ट्यांनी पलंगाला बांधली होती आणि बोटं हवेतला दोरा सांधत होती. सांधायची, तुटायचा, पुन्हा सांधायची. अंग तव्यासारखं तापलेलं. बहीण समोर उभी, पण तो तिला ओळखेना. नर्सबाई रक्षा यांनी सुई देण्याआधी दंडावर स्पिरिटचा बोळा फिरवला. त्या वासासरशी महादेव पलंगासकट उठतोय की काय असं झालं. "लावू नगासा," तो ओरडला, "म्या सोडलीया. बुवांची आण हाय, म्या सोडलीया."

भैरवी डॉक्टर दारातच होत्या. त्यांनी दुर्गाबाईंना दंडाला धरून बाहेर आणलं आणि सगळ्यांदेखत विचारलं, "मावशी, हे सारखं 'सोडलीया' म्हणतात. काय सोडलंय यांनी?"

दुर्गाबाईंच्या आधी परशरामअण्णाच बोलले. "संसार. विरक्ती आलीया त्याला."

डॉक्टरांनी त्यांच्याकडं असं बघितलं की अण्णा दोन पावलं मागं सरले. दुर्गाबाईंच्या जिभेवर एक शब्द तयार होता. तंबाखू. निपाणी म्हणजे तंबाखूची पेठ; तिथं सोयरीक असलेल्या घरात तंबाखू म्हटलं तर कुणाची भुवई वर जाणार नव्हती. भावाची माळ राहील, पाया पडलेल्यांची तोंडं राहतील, आपली मान राहील. आत बोटं दोरा सांधत होती.

"दारू," दुर्गाबाई म्हणाल्या. "सकाळी उठल्यापास्नं प्यायचा. लई वर्षं. आणि म्याच एकदम बंद करायला लावली."

बोळात एक टाळ खाली पडला. कुणी उचलला नाही.

भैरवी डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. रागवायला वेळ नव्हता म्हणून त्या भराभर समजावू लागल्या. दारूनं इतकी वर्षं मेंदूला ब्रेक लावून ठेवला होता, आणि मेंदू त्या ब्रेकवर जोर करून धावायला शिकला होता. तुम्ही ब्रेक एकाएकी काढलात. आता तो सुसाट सुटलाय. ताप, नाडी, रक्तदाब, सगळं त्याच्यामागं. आम्ही औषधानं ब्रेक लावणार, श्वासावर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवणार, आणि मग रोज थोडा थोडा सोडणार. जोडीला जीवनसत्त्वाची सुई, नाहीतर आठवण कायमची जाते. आणखी उशीर झाला तर माणूसही जातो.

"गुंगीचंच औषध व्हय हे?" परशरामअण्णांनी विचारलं. "मग आक्का, आण मोडली की."

"मोडू दे," दुर्गाबाई म्हणाल्या. "कोपर माझं लागलंवतं त्याला. मोडली तर माझी मोडली, पाप माझ्या माथ्यावर. डॉक्टरबाई, द्या सुई. आणि अण्णा, तो नारळ घिऊन घरला जावा, न्हायतर हितंच फोडीन."

रघुवीरबुवा निरोप मिळताच स्कूटरवरनं आले. ते पायरी चढतायत तोच दुर्गाबाईंनी त्यांना गाठलं. ज्या बुवांपुढं त्या कधी मान वर करून बोलल्या नव्हत्या, त्यांना त्यांनी उभ्याउभ्या धुतलं. "बुवा, पोथीत कंप लिवलाय, पर तो कशाचा हे बघाया कुणी डोळे दिले न्हाईत का? आणि मलाबी कुणी दिले न्हाईत. ल्हानपणापास्नं त्येचे हात बघतीया मी."

बुवांनी ऐकून घेतलं. मध्ये एकदाही देवाचं नाव घेतलं नाही. मग म्हणाले, "आक्का, चुकलो. चांगलं दिसलं म्हणून खरं मानलं." औषधानं आण मोडत नाही, असं त्यांनी मंडळाला तिथंच सांगितलं आणि सगळ्यांना घरी धाडलं. स्वतः मात्र बाकावर बसून राहिले आणि भैरवी डॉक्टर बाहेर आल्या की पोरासारखे प्रश्न विचारू लागले. इतके, की डॉक्टर म्हणाल्या, या बुवांना तरी कुणीतरी घरी न्या.

पहिल्या सुईनं काही झालं नाही. पुन्हा दिली, पुन्हा दिली. मग बोटं हळूहळू सैल पडली. ताप उतरायला, माणसं ओळखायला बरेच दिवस गेले. दुर्गाबाई रोज डबा आणत आणि रोज कुणा ना कुणावर चिडत. लिफ्टवर, चहावाल्यावर, भाताच्या गिच्च गोळ्यावर.

एका सकाळी महादेवानं स्वच्छ डोळ्यांनी बघितलं. "आक्का, त्या दिवशी देव दिसलावता का गं मला?"

"देव दिसला असता तर आदी तुझ्या कानाखाली वाढला असता त्यानं," दुर्गाबाई म्हणाल्या.

"मग ते समदे पाया पडले ते?"

"पडू देत. त्येंची कंबर मोकळी झाली."

महादेव थोडा हसला, मग त्याचा चेहरा पडला. त्यानं गळ्याशी हात नेऊन माळ चाचपली. पांढऱ्या सदऱ्याखाली ती होती. रक्षाबाईंनी काढू दिली नव्हती. "मोडली का गं माझी आण?"

दुर्गाबाईंनी डब्याचं झाकण उघडलं. "भाकरी खा," त्या म्हणाल्या. "न्हाय मोडली."

आता बुवांच्या कीर्तनात कुणी व्यसन सोडायला उभा राहिला की बुवा आधी त्याला बाजूला घेऊन किती पितोस ते विचारतात, आणि सकाळी सोबत माणूस देऊन डॉक्टरकडे पाठवतात. माळ नंतर. कीर्तन तेवढं लांबतं, पण लांबू द्या. महादेवाची बायको निपाणीहून दोनदा येऊन बघून गेली; राहिली नाही अजून. महादेव माग चालवतो. सकाळ त्याची कामात जाते. संध्याकाळ मात्र जड जाते, रोजची रोज.

म्हणून एवढंच मागणं आहे. दिवेलागणीला देवापुढं हात जोडाल तेव्हा तुमच्या माणसांची नावं घेऊन झाली की त्यांच्यामागं वडगावच्या महादेवाचंही नाव घ्या. त्याच वेळी कुणीतरी आपली आठवण काढावी, याची त्याला गरज असते.