मधला आकडा

एलेनॉर व्हिटकोम जहाजावर कॅप्टन रॉय हाउटालांच्या शिडीची चेष्टा नेहमीची झाली होती. जहाज तीन वर्षांचं, हजार फूट लांब. समुद्राएवढ्या वरच्या सरोवरातून लोहखनिजाच्या गोळ्या भरायच्या आणि खालच्या सरोवरांतल्या पोलाद कारखान्यांपाशी नेऊन ओतायच्या, एवढंच त्याचं आयुष्य. ओतायलाही गोदीवर कुणी लागत नसे. पोटाखालून पट्टा फिरायचा आणि माल आपोआप किनाऱ्यावर पडायचा. पुढे, मध्ये आणि मागे जहाज पाण्यात किती बुडालंय, हे सुकाणूघरातल्या पडद्यावर दिसायचं. तरीही माल भरून झाला, की साठी गाठलेले कॅप्टन पाण्याकडच्या बाजूला दोरशिडी सोडायला लावायचे आणि कुरकुरत्या गुडघ्यांनी खाली उतरून जहाजाच्या अंगावर रंगवलेला बुडीचा मधला आकडा स्वतः वाचून यायचे.

"पडद्याला चष्मा लागलाय का हो, कॅप्टन?" त्यांच्या खालोखालची अधिकारी, फर्स्ट मेट टॅमी विक विचारायची. भरण्याचं सगळं काम तिच्याकडे असे.

"तुझ्या पडद्याला लागला नसेल. मला लागलाय."

खलाशी हसायचे आणि मागे म्हणायचे, माणूस भारी चोख. कसला चोख? खाई त्याला खवखवे, दुसरं काय.

एकवीस वर्षांपूर्वी रॉय स्वतः हार्लन मॉट जहाजावर फर्स्ट मेट होता. एवढं लांब जहाज भरलं की सरळ राहत नाही. बाज जशी मध्ये झोळते, तसं पोटाशी खाली येतं. म्हणून पुढचा आणि मागचा आकडा कितीही बरोबर असला, तरी मधला वेगळा वाचावाच लागतो. त्या डिसेंबरात गोदीकडच्या आकड्यांवर बर्फ चढला होता. पाण्याकडचे वाचायचे, तर काचेसारख्या निसरड्या शिडीवरून उतरायला हवं होतं. रॉयने वरून वाकून पाहिलं, अंधुक काहीतरी दिसलं, आणि त्याने पुढच्या-मागच्या आकड्यांची सरासरी काढून वहीत लिहून टाकली.

"मधला पाहिलास?" कॅप्टन लेस्टर पेल्टियरनी विचारलं होतं.

"पाहिला," रॉय म्हणाला होता.

दुसऱ्या दिवशी सेंट मेरीज नदीच्या रॉक कटमध्ये, म्हणजे खडक फोडून काढलेल्या त्या अरुंद वाटेत, मॉटचं पोट तळाला घासलं. पत्रा फाटला, नदी दोन दिवस बंद राहिली. चौकशी झाली. वही सांगत होती, की जहाज मापात होतं. कॅप्टन पेल्टियरना वेळेआधी घरी बसवलं. रॉय पुढे कॅप्टन झाला. झाकली मूठ सव्वा लाखाची. त्याने ती कधी उघडली नाही आणि चौकशीत आणखी कोण काय बोललं, हेही कधी विचारलं नाही. न विचारणंच सोयीचं होतं.

ऑक्टोबरात डुलुथ बंदराच्या गोदीवर टॅमीने सांगितलं, "एक म्हातारबाबा आलेत. लेकीने आणलंय. नवं जहाज बघायचंय म्हणतात. तुम्हाला ओळखतात, पेल्टियर नाव."

रॉयला त्यांना भेटायचं नव्हतं. पण नाही कसं म्हणणार? चौऐंशी वर्षांचा माणूस गोदीवर थंडीत उभा होता.

पेल्टियर काठी टेकत सुकाणूघरात आले. लेक खाली मुदपाकखान्यात स्वयंपाक्याच्या पास्टीची, मांस भरलेल्या करंजीची, चव बघत बसली. म्हाताऱ्याने इथे हात लावला, तिथे हात लावला, आणि तोंड वाकडं केलं.

"आमचं सुकाणूघर पुढे असायचं, नाकावर. तुम्ही हे मागे बसून काय चालवता? हजार फूट लोखंड बघत बसायचं?"

"झोपायची खोली पण ह्याच बाजूला, स्वयंपाकही ह्याच बाजूला," टॅमी म्हणाली. "चालायला कमी लागतं, आजोबा."

"म्हणून सगळे एवढे गुबगुबीत दिसता." मग ते पडद्यापाशी वाकले. "आणि हे काय?"

"तिन्ही ठिकाणी जहाज किती बुडालंय ते. शिडी उतरायला नको." टॅमी हसली. "आमचे कॅप्टन सोडून. त्यांना स्वतः गेल्याशिवाय चैन पडत नाही. दर खेपेला मधला आकडा बघून येतात, हिवाळ्यातसुद्धा."

पेल्टियर सरळ झाले. पडद्याकडे बघत राहिले, मग रॉयकडे. रॉयची मान खाली गेली. एकवीस वर्षांत त्याने शंभरदा मनात घोकलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवेना.

"टॅमी, जरा भरणं बघून येतेस?"

ती गेली. रॉय म्हणाला, "मी पाहिला नव्हता, कॅप्टन. मॉटचा मधला आकडा. शिडीवर बर्फ होता. मी मनाने लिहिला."

पेल्टियरनी खुर्ची ओढली आणि ते बसले. रॉयला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

"मी चौकशीत काय सांगितलं, ठाऊक आहे तुला?"

"नाही."

"आकडा बरोबर, मग चुकलं कोण? मी सांगितलं, सुकाणूवाल्याने चाक उशिरा फिरवलं. एमेटने. एमेट कडॉट." त्यांनी काठी मांडीवर आडवी ठेवली. "तो म्हणत होता, कॅप्टन, मी मधोमध धरलं होतं. अगदी मधोमध. एवढंच म्हणायचा. मी म्हटलं, मग खडक चालत आला का? सगळे हसले. परत त्याला कुणी चाकावर घेतलं नाही. डेक धूत राहिला, मग तेही सोडलं. तीन वर्षांपूर्वी गेला. मी मातीलाही गेलो नाही. लायकी नाही ह्याची, म्हणालो."

रॉयला खाली बसावंसं वाटलं, पण खुर्ची एकच होती आणि ती मागायचा हक्क त्याला नव्हता. एमेट त्याला आठवत होता. चाकावर असताना हळू शीळ घालणारा, बोटी कोरून पोरांना वाटणारा माणूस. इतकी वर्षं रॉय मानत आला, की आपल्या खोट्याने एका म्हाताऱ्या कॅप्टनचं चार वर्षांचं काम गेलं. तेवढ्याचं ओझं त्याने बेतशीर उचललं होतं. आज कळलं, की ते ओझं मुळात मापलंच नव्हतं.

"मी कंपनीला लिहितो. आजच."

"लिही. माझ्याबद्दलही लिही, मी काय बोललो ते." पेल्टियर उठले. "त्याची बायको लोर्ना अजून तिथेच राहते, रॉक कटच्या वर, पिवळं घर. एमेटचा जहाजांशी बोलायचा रेडिओ पोर्चवर चालू असतो, म्हणतात. तुम्ही सगळे तिथे भोंग्याची सलामी देता का?"

"नाही."

"कोण देणार. आम्हीच तर..." त्यांनी वाक्य सोडून दिलं. दाराशी थांबून म्हणाले, "पण भोंगा वाजवणं सोपं आहे, रॉय. भोंग्याला बोलता येत नाही."

माल भरून झाला. रॉय शिडीवरून उतरला, मधला आकडा वाचला. पडदा बरोबर होता. या खेपेला कुणी हसलं नाही, कारण कॅप्टनचं तोंड बघून टॅमीने सगळ्यांना डोळ्याने दटावलं होतं. कंपनीला लिहिलेलं पत्र रॉयने संध्याकाळी पाठवलं. कॅप्टनकीचा परवाना जाईल की राहील, हे त्याने पत्रात विचारलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी सू गावच्या पाणकुलुपातून, पाणी चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या त्या दारांमधून, जहाज खाली उतरलं आणि नदीला लागलं. ऊन स्वच्छ होतं. रॉक कटच्या अलीकडे उंच काठावर पिवळं घर दिसू लागलं, पोर्चवर एक खुर्ची आणि तिच्यात कुणीतरी.

रॉयने भोंग्याची कळ दाबली. तीन लांब, दोन आखूड. सरोवरांवर मानाच्या माणसाला देतात ती सलामी. आवाज खडकावर आपटून परत आला. पोर्चवरची बाई ताडकन उठली, कठड्यापाशी आली, इकडेतिकडे पाहिलं, जणू सलामी दुसऱ्याच कुणासाठी असावी. मग तिला पटलं. ती दोन्ही हात हलवू लागली, एखादी मुलगी हलवते तशी, थांबेचना.

"केवढ्या खूश झाल्या," टॅमी म्हणाली. "कोण हो त्या?"

रॉयचा हात वर गेला नाही. हात हलवावा तर कुठल्या तोंडाने? ती आनंदाने हलवत होती आणि त्याला ते बघवत नव्हतं. जहाज इथे थांबवता येत नाही, वेगही वाढवता येत नाही. हजार फूट त्या घरासमोरून जायला जेवढा वेळ लागतो, तेवढा लागतोच. त्याने रेडिओ हातात घेतला. या वाहिनीवर नदीवरचं प्रत्येक जहाज ऐकत होतं, पाणकुलूप ऐकत होतं आणि काठावरची निम्मी घरं कॉफी पीत ऐकत होती.

"एलेनॉर व्हिटकोमचा कॅप्टन रॉय हाउटाला बोलतोय. मिसेस कडॉट, एकवीस वर्षांपूर्वी हार्लन मॉट घासलं, तेव्हा एमेटने जहाज मधोमध धरलं होतं. त्याची चूक नव्हती. जहाज मापाबाहेर बुडालं होतं, कारण मधला आकडा मी न बघता लिहिला. मी लिहिला होता."

 चाकावरचा माणूस समोरच बघत राहिला. पोर्चवरचे हात खाली आले. बाई वळली, खुर्चीशेजारच्या रेडिओपाशी गेली आणि तिने त्याचा माइक उचलला.

मग तिचा आवाज आला, कोरडा आणि स्पष्ट.

"व्हिटकोम, पुन्हा सांगा."

तिला पहिल्या वेळीच नीट ऐकू गेलं होतं, हे रॉयला कळत होतं. त्याने कळ दाबली आणि पुन्हा सांगितलं.