ओट्याची गरज नाही असे समजण्यात येईल

मुख्याधिकारी साहेब, तुम्ही पार्बताबाईचा ओटा चोरला. दिवसाढवळ्या, कुलूप न तोडता, गुजरीत पाय न ठेवता. आणि वर म्हणता, रीतसर कळवलं होतं.

गुजरीतल्या, म्हणजे नगरपरिषदेच्या भाजीबाजारातल्या, चौदा नंबरच्या ओट्यावर पार्बताबाई बावीस वर्षं भाजी विकते. मेथी, पालक, सांभार म्हणजे कोथिंबीर. भाजी बांधायला दर सोमवारी पाच किलो रद्दी घेते. सातवी शिकलेली बाई. कागद फाडायच्या आधी वाचते. बातम्या नाही. बातम्यांवर तिचा विश्वास नाही. वाचते त्या जाहीर सूचना: कोणाचा प्लॉट, कुठला रस्ता, कशावर हरकत. रद्दी आठ-दहा दिवस शिळी, पण हरकतीची मुदत तीस दिवसांची, त्यामुळे कोणाचं काही अडत नव्हतं. शेजारी फुलं विकणाऱ्या गोवर्धनचा प्लॉट भलताच माणूस विकायला निघाला होता, तेही तिला सांभाराची जुडी बांधतानाच कळलं. तेव्हापासून अख्खी गुजरी सकाळी विचारायची, "मावशी, आज काय निघालं?"

मागच्या दिवाळीपासून काही निघेना. वकिलांच्या सूचना यायच्या, नगरपरिषदेची एकही नाही. पार्बताबाईनं दोन महिने वाट पाहिली.

"काम बंद केलं वाटते त्यायनं," ती म्हणाली.

गोवर्धनला ते लगेच पटलं. गुजरीतली नाली पाहिलेल्या कोणालाही पटलं असतं.

मग एका बुधवारी बाजार विभागाचा कारकून विपुल फिता घेऊन आला आणि तिच्या पालकाच्या ढिगाखालून ओटा मोजू लागला.

"काहून रे, काय मोजून राहिला?"

"ओटा मावशी. सोमवारी लिलाव हाय."

"कोणाच्या ओट्याचा?"

"तुमच्याच. सगळ्यायनं नव्यानं अर्ज कराचा होता. तीस दिवस होते. तुमी कोणंच केला नाही. पयला नंबर तुमचा लागला."

"म्या एक कागद वाचल्याबिगर फाडला नाही, बाप्पा. कुठी निघाली होती नोटीस?"

"पेपरात नाही देत आता. वेबसाइटवर असते."

"मोबाइल माह्याजवळही हाय. तिथं पाहाचं, हे कोणं सांगतलं?"

"त्याची सूचना काढली होती ना."

"कुठी?"

विपुलनं फिता गुंडाळला. "वेबसाइटवर."

गोवर्धन हार ओवता ओवता थांबला. "मंजे पत्ता पाकिटाच्या आत लिवला म्हण," तो म्हणाला.

पार्बताबाईनं ओला फडका भाजीवर टाकला, गोवर्धनला लक्ष ठेवायला सांगितलं आणि विपुलच्या मागोमाग नगरपरिषदेत गेली. तुम्ही मीटिंगमध्ये होता. विपुलनं कॉम्प्युटर लावला. वर्तुळ फिरत राहिलं. त्यानं चहा मागवला. चहा संपला तरी वर्तुळ फिरतच होतं. मग एकदाचं पान उघडलं. दोनशे बारा कागद, एकावरही नाव नाही, नुसते आकडे. विपुलनं सदतीस उघडून पाहिले. अडतिसावा नोटीस निघाला. तोही आडवा चढवलेला.

पार्बताबाईनं मान वाकडी केली आणि गुजरीत वाचायची तशी मोठ्यानं वाचायला लागली. चौथ्या कलमाशी थांबली. ते तिनं दोनदा वाचलं. 'मुदतीत अर्ज न करणाऱ्या धारकास ओट्याची गरज नाही असे समजण्यात येईल.'

"अर्ज किती आले?"

"एक."

"कोणाचा?"

विपुलनं दाराकडे पाहिलं. "वेबसाइट ज्यानं बनवली, त्याच्या सासऱ्याचा. त्याले चौदा नंबरच पायजे. कोपऱ्यावरचा हाय म्हणून."

"त्याच्या घरी वर्तुळ फिरत नसन," पार्बताबाई म्हणाली आणि उठली.

साहेब, तुमच्या घरची भाजी तिच्याच ओट्यावरून जाते. दर गुरुवारी तुमचा शिपाई पिंटू येतो. दुसऱ्या दिवशी तो आला तेव्हा तिनं दोन जुड्या मेथी एका पांढऱ्या कागदात बांधल्या. कागदावर दाट शाईत, सरळ ओळींत लिहिलेलं होतं.

"हे काय लिवलं मावशी?"

"तुले नाही, साहेबाले हाय. मेथी वल्ली हाय, शाई फुटाच्या आंधी ने."

कागदावर होतं ते असं:

'जाहीर सूचना. सदर सूचना साहेबांच्या घरी मेथीवर प्रसिद्ध केली आहे. मेथी निवडली म्हणजे ती वाचली असे समजण्यात येईल. सूचना सरळ धरली आहे, मान वाकडी करण्याची गरज नाही. मुदत: सोमवारच्या लिलावापर्यंत. जी बाई बावीस वर्षं रोज पहाटे चौदा नंबरचा ओटा धुते, तिला ओट्याची गरज नाही, असे कोण समजला? त्याचे नाव लेखी कळवा.'