गाडीखालचा गंज

विश्वास एकोणीस वर्षं सिंगापूरच्या जुरोंग आयलंडवर गंज शोधत होता. हुद्दा करोजन इंजिनिअरचा. सकाळी सेम्बावांगहून कंपनीची बस पकडायची, चेकपोस्टवर पास दाखवायचा आणि दिवसभर रिफायनरीतल्या पाइपांचं आवरण उघडून आतलं लोखंड बघायचं. वरून चकचकीत दिसणारा पाइप आत पापुद्र्यासारखा झालेला त्याने इतक्यांदा पाहिला होता, की कुठल्याच चकचकीत गोष्टीवर त्याचा विश्वास उरला नव्हता. कंत्राटदाराचा माणूस "तपासलं सर, ओके आहे," म्हणाला, की तो विचारायचा, "फोटो कुठाय?" स्वतः पाहिल्याशिवाय त्याने आजवर एकाही कागदावर सही केली नव्हती.

ऋता त्याची एकुलती एक मुलगी. बिशानच्या शाळेत शिकली, इथेच लहानाची मोठी झाली आणि दोन वर्षांपूर्वी पीएचडीसाठी कॅनडातल्या एका लहान गावी गेली. बापलेकीत बोलण्यासारखं फारसं कधी नव्हतंच. फोन केला की ती म्हणे, "हाय बाबा, आईला दे." तो अरुणाला फोन देई आणि शेजारी बसून ऐके.

मग त्या सप्टेंबरात ऋताने गाडी घेतली. मायदेशी परत जाणाऱ्या एका विद्यार्थ्याची बारा वर्षं जुनी गाडी. त्या घरातली ती पहिलीच गाडी. सिंगापुरात त्यांनी कधी गाडीचा विचारही केला नव्हता, सगळं आयुष्य MRTच्या लोकल गाड्यांवर निघालं होतं. आणि आता पहिल्यांदाच लेकीने फोनवर म्हटलं, "बाबा, तुलाच विचारायचंय. इथे हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात. सगळे म्हणतात गाडी गंजते. काय करू?"

विश्वासचा चेहरा असा उजळला, की अरुणा बघतच राहिली.

त्याने आठवडाभर वाचन केलं. बर्फ वितळावा म्हणून टाकलेल्या मिठाचं पाणी गाडीच्या पोटाखाली कुठे कुठे शिरतं, कुठे साचतं, ते कागदावर आकृत्या काढून तिला पाठवलं. थंडी सुरू होण्याआधी खालून तेलाचा फवारा मारून घे. दर आठवड्याला गाडी धू, वरून नाही, खालून. ओली गाडी उबदार गराजमध्ये ठेवू नकोस, उबेत मीठ लोखंडाला जास्त खातं. दारांच्या तळाशी पाणी जायला भोकं असतात, ती बुजू देऊ नकोस. "ओके लाह, बाबा," ऋता सिंगापुरी ढंगात हसून म्हणे. पण करायची. धुतलेल्या गाडीचे फोटो पाठवायची. दर रविवारी सकाळी बापलेक अर्धा अर्धा तास बोलू लागली. गाडीवरून विषय प्रयोगशाळेवर जाई, तिथून तिच्या घरमालकिणीवर, तिथून तिने केलेल्या फसलेल्या आमटीवर.

जानेवारीत तिने गाडीखालचा एक फोटो पाठवला. "बघ, किती क्लीन!"

विश्वासने तो मोठा करून पाहिला. गाडी विकणाऱ्याने खालून जाड काळा लेप दिला होता. लेप नवा होता आणि मागच्या चाकाजवळ, ब्रेकच्या नळ्या जिथे पट्टीने बसवल्या होत्या, तिथे तो फुगला होता. असं फुगणं त्याने हजारदा पाहिलं होतं. गंजावरच लेप चढवला होता. आत ओल कोंडली होती आणि मीठ आपलं काम करत होतं.

त्याने लगेच लिहिलं, "ऋता, ब्रेकच्या नळ्या गंजल्या आहेत असं वाटतं. गराजमध्ये दाखव. तोवर गाडी चालवू नकोस."

"ओके," तिचं उत्तर आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने विचारलं. तिसऱ्या दिवशी दोनदा. चौथ्या दिवशी तिने फोनच केला. "बाबा, एव्हरीथिंग इज नॉट युअर पाइपलाइन! गराजवाल्याकडे दहा दिवस डेट नाही. इथे उणे वीस आहे, बसला एक तास लागतो. मी काय लॅबला चालत जाऊ?"

फोन ठेवल्यावर अरुणा म्हणाली, "किती मागे लागशील रे तिच्या? इतक्या वर्षांनी पोरगी तुझ्याशी बोलायला लागलीये. घालवशील ते."

त्याने बारा दिवस तोंड बंद ठेवलं. मग न राहवून एकच शब्द लिहिला. "दाखवलीस?"

"हो, दाखवली. ओके आहे."

त्याची बोटं आपोआप पुढचा प्रश्न लिहायला गेली. फोटो कुठाय? पण त्या रविवारी ऋता फार खुशीत होती. तिचा पहिला शोधनिबंध छापून येणार होता. तिने बाबाला तो समजावून सांगितला, त्याला न कळलेल्या जागी ती खो खो हसली. विश्वासने विचारलं नाही.

फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, सकाळी सातच्या सुमाराला, बस चेकपोस्टच्या रांगेत उभी असताना त्याचा फोन वाजला. ऋताकडे तेव्हा संध्याकाळ होती.

"बाबा." तिचा आवाज ओळखू येईना. "पेडल खाली गेलं. पूर्ण खाली गेलं बाबा, थांबलीच नाही गाडी."

"तुला लागलंय?"

"मला काही नाही झालं. एक आजोबा क्रॉस करत होते. ते उठत नाहीयेत. बाबा, ते उठत नाहीयेत."

मागून कोणाचे तरी आवाज आले आणि फोन बंद झाला. बस पुढे सरकली. पहारेकरी आत चढला आणि सगळ्यांबरोबर विश्वासनेही पास उंच धरून दाखवला. त्यानंतर तो घरी परत कसा आला, कोणाला काय सांगितलं, हे त्याला नंतर आठवत नव्हतं.

दुसऱ्या सकाळी पुन्हा ऋताचा फोन आला. माणूस जिवंत होता, पण शुद्धीवर नव्हता. एकाहत्तर वर्षांचा, निवृत्त बसचालक, कोपऱ्यावरच्या दुकानातून दूध घेऊन निघालेला. पोलिसांनी गाडी ओढून नेली होती. मागची ब्रेकची नळी पट्टीपाशीच फुटली होती.

"उद्या ते माझं स्टेटमेंट घेणार," ऋता म्हणाली. "गाडी कधी दाखवली होती, असं विचारतील. बाबा, मी दाखवली नव्हती."

"कळलं मला."

"तुझे मेसेज माझ्या फोनमध्ये आहेत. चालवू नकोस, असं तू लिहिलंयस. आणि दाखवली, असं मी लिहिलंय." तिचा श्वास ऐकू येत होता. "पुसू का ते?"

अरुणा शेजारीच बसली होती. तिने त्याचा दंड घट्ट धरला. विश्वासच्या डोळ्यांपुढे ना तो म्हातारा होता, ना पोलीस. फक्त सव्वीस वर्षांची आपली मुलगी, परक्या गावी, एका खोलीत एकटी.

"पूस," तो म्हणाला. "आत्ता पूस. माझ्याकडचेही मी काढून टाकतो."

"तू असं म्हणशील असं मला वाटलं नव्हतं," ऋता म्हणाली.

"मग काय म्हणू, बाळा?"

"नको म्हणशील म्हणून तुला फोन केला होता. माझी मला हिंमत होत नव्हती."

दुसऱ्या दिवशी तिने काहीही न पुसता फोन स्वतःहून पोलिसांच्या हातात दिला. हे तिने आईला सांगितलं, त्याला नाही.

नवव्या दिवशी तो माणूस गेला. त्याला बायको होती. ऋताने तिला पत्र लिहिलं. तिचा वकील म्हणाला पाठवू नका, म्हणून ते तसंच राहिलं. विश्वासने जायची तयारी केली. व्हिसाचे कागद जमवले, रजा टाकली. अर्ज भरायच्या आधी ऋताने त्याला फोन करायला सांगितलं.

"आईला पाठव," ती म्हणाली. "तू नको येऊस."

"ऋता, मी..."

"एकच सांग. मी दाखवली म्हणून खोटं बोलले, ते तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

खोटं झाकायला तो एकदा तयार झाला होता, ते दुसऱ्यांदा जमेना. "हो," तो म्हणाला. "शंका आली होती."

"मग विचारलं का नाहीस? तू तर सगळ्यांना विचारतोस. आयुष्यभर तेच केलंस."

"तू त्या दिवशी हसत होतीस," विश्वास म्हणाला.

ती रडली नाही, चिडली नाही. "बरं," म्हणाली आणि फोन ठेवला. त्यानंतर ती त्याच्याशी बोलली नाही.

अरुणा मार्चमध्ये गेली. खटला उभा राहणार हे नक्की झालं होतं, तारीख लागायची होती. विद्यापीठाने ऋताला सुट्टीवर पाठवलं होतं, आणि ती दिवसदिवस अंथरुणातून उठत नव्हती. अरुणा तिला चमच्याने भात भरवत होती. "चार घास खाल्ले आज," असं ती कळवी, आणि विश्वास तेवढंच पुन्हा पुन्हा वाचत बसे.

तो रोज कामावर जात होता. आवरण उघडून बघत होता, आकडे लिहीत होता. एप्रिलमध्ये त्याने तपासणीचं काम सोडून ऑफिसातलं टेबल मागून घेतलं. साहेबाने कारण विचारलं, तेव्हा तो म्हणाला, "नजर पूर्वीसारखी राहिली नाही." साहेबाला वाटलं, वयामुळे असेल.

रविवारी सकाळी अरुणाचा फोन येई. एकदा तिने फोन ऋताच्या कानाशी धरला. विश्वासला कळलं, कारण मागचे सगळे आवाज एकदम बंद झाले आणि फक्त श्वास ऐकू येऊ लागला.

"ऋता," तो म्हणाला, "मी बाबा."

श्वास थोडा वेळ तसाच चालू राहिला. मग अरुणा पुन्हा फोनवर आली आणि हळू आवाजात म्हणाली, "नको म्हणतेय रे."

"असू दे," विश्वास म्हणाला. "जेवली का ती?"

"नाही अजून."