बुरमाकानच्या जबड्यातलं हाड

“आपा, तुमचंच हाड घालायचं, की गाईचं?”

डॉक्टर मीरिमनं विचारलं खरं, पण खुर्चीत आ वासून पडलेल्या बुरमाकानला उत्तर देता येईना. उत्तर आलं दाराजवळच्या स्टुलावरून.

“माझं घ्या,” तिचा नवरा मुकाश म्हणाला. “कमरेचं घ्या, बरगडीचं घ्या. मला काय करायचंय आता?”

बुरमाकाननं तोंडातला कापूस काढला. “डॉक्टरबाई, यांच्या अंगात कणाच नाही, हे मी लग्नापासून सांगत आलेय. काढाल कुठून?”

मीरिम खुदकन हसली. नारिन या डोंगराळ गावातल्या तिच्या छोट्या दवाखान्यात लोक दात धरून रडत यायचे. भांडत येणारं हे पहिलंच जोडपं.

बुरमाकाननं जन्मभर नमदे, म्हणजे लोकर दाबून केलेले गालिचे, शिवले. जाड नमद्यातून सुई निघेना, की ती दाढेत धरून खेचायची. डाव्या बाजूच्या वरच्या दाढा अशाच एकेक करून गेल्या. दाढा गेल्या तसं त्यांच्या मुळाशी असलेलं हाडही झिजलं, आणि गालामागची सायनसची पोकळी खाली उतरली. राहिला तो अंड्याच्या टरफलाएवढा पापुद्रा. त्यात नव्या दाताचा स्क्रू बसायचा कसा? उजवीकडेही धड काही उरलं नव्हतं. मेजवानीत वडीलधाऱ्या बाईला मानानं मेंढीचं माकडहाड वाढतात. ते समोर आलं, की बुरमाकान पोट दुखतंय म्हणायची. पुढे पुढे तर तिनं मेजवान्यांना जाणंच सोडलं.

मीरिमनं तिला सगळं नीट समजावलं. स्वतःचं हाड जिवंत, ते सर्वांत लवकर रुजतं. पण त्यासाठी दुसरीकडे कापावं लागतं, आणि भरलेली जागा काही दिवसांनी खचते. गाईचं हाड भट्टीत तापवून दाणेदार केलेलं असतं. ते सावकाश रुजतं, पण उंची सोडत नाही. त्याच्या भोकाभोकांतून आपलं हाड वाढत जातं. कारखान्यात बनवलेली भुकटीही मिळते, पण तिच्यातून हाड किती धरेल याची मीरिमला तितकीशी खात्री नव्हती. डुकराच्या हाडाचं तिनं नुसतं नाव घेतलं आणि मुसलमान घरात ते चालायचं नाही म्हणून स्वतःच पुढे गेली.

बुरमाकान विचारात पडली. मग म्हणाली, “कोकराची लोकर पटकन जमते, पण पायाखाली दबते. मोठ्या मेंढीची मात्र जाडी धरून ठेवते. मी दोन्ही मिसळते. तसं चालतं का इथं?”

“मी तेच सुचवणार होते,” मीरिम म्हणाली. जबड्याच्या बाजूचं थोडं खरवडून घ्यायचं, बाकी गाईचं, असं ठरलं.

शस्त्रक्रिया निभावली. पण टाके घातल्यावर मीरिमनं बजावलं, की नाक शिंकरायचं नाही, आणि शिंक आलीच तर तोंड उघडं ठेवून द्यायची. नाहीतर आतला नाजूक पडदा फाटेल, सगळी मेहनत वाया जाईल. मुकाशनं हे फारच मनावर घेतलं. घरातली सगळी लोकर त्यानं गोठ्यात नेऊन टाकली. मिरपूड लपवली. बायकोनं नाकाला हात लावला, तरी तो उठून उभा राहायचा.

आणि शिंक आली ती नेमकी भरल्या बसमध्ये. बुरमाकाननं जबडा फाकवला आणि असा आवाज काढला, की ड्रायव्हरनं गाडी थांबवली. सगळे वळून बघायला लागले. मुकाशनं घाईघाईनं खुलासा केला, की हिच्या जबड्यात गाईचं हाड आहे.

“मग हंबरली म्हणा की,” मागची एक म्हातारी म्हणाली.

गाडीभर हशा पिकला. बुरमाकानही गाल धरून हसली. पण पडदा फाटला की काय म्हणून रात्रभर ती गाल चाचपत राहिली. दुसऱ्या दिवशी मीरिमनं एक्स-रे काढला, उजेडाकडे धरून पाहिला आणि दोघांना दाखवला. जिथं आधी काळी पोकळी होती, तिथं आता करडा, दाणेदार ढीग जागच्या जागी होता. मुकाशनं डोळे पुसले आणि थंडीला नावं ठेवली.

वसंतात स्क्रू बसले, आणि त्यापुढच्या उन्हाळ्यात दात. वरच्या कुरणात पुतण्याचं लग्न होतं. तंबूत बुरमाकानसमोर माकडहाड आलं. तिनं डाव्या बाजूनं चावा घेतला, चावला, गिळला, आणखी घेतला. तिच्या जावा बघत होत्या, त्या हसायला लागल्या. मेंढीच्या मांसाला अशी चव असते, हे ती विसरूनच गेली होती.

पुढचा घास घेताना तिचं लक्ष मुकाशकडे गेलं. मानानं वाढलेली मांडीची मांसाळ नळी त्याच्या हातात होती. तो ती फिरवत होता, मांसाची तारीफ करत होता; ओठाला लावून परत ताटात ठेवत होता. मग त्यानं ती शेजारच्या पाहुण्याकडे सरकवली, आग्रह केला आणि स्वतः रश्श्यात पाव बुडवून खाऊ लागला.

कधीपासून हे? तिला आठवेना. इतके दिवस घरात बोलणं होतं ते तिच्याच तोंडाचं.

बुरमाकान उठून त्याच्याजवळ जाऊन बसली. पाहुण्याची माफी मागून तिनं नळी परत घेतली. कमरेची सुरी काढली, लोकांकडे पाठ केली, आणि मांसाचे कागदासारखे पातळ काप काढून त्याच्या वाडग्यात सोडू लागली.

मुकाशनं वाडगं थोडं तिच्या बाजूला सरकवलं, आणि ती कापत राहिली.